नव्या शिक्षकाला विषय किती यायला हवा?

नोकरीवर रुजू झालेल्या शिक्षकाला टाचण, हजेरीपट, वर्गनियंत्रण याबद्दल सगळेच सांगतात. विषयाच्या तयारीबद्दल फारसे कोणी बोलत नाही, कारण त्याविषयीचे काही समज घट्ट बसले आहेत.

गैरसमज : प्राथमिकच्या वर्गांना जेमतेम विषयज्ञान पुरते.

वस्तुस्थिती : ५२ मधून २७ वजा करताना दुसरीतले मूल ३५ लिहिते. फुली कोणीही मारेल. पण मुलाने एककात ७ मधूनच २ वजा केले, हे ओळखायला स्थानिक किंमत स्वतःला पक्की समजलेली लागते. असा शिक्षक काड्यांचा दहाचा एक गठ्ठा सोडतो आणि ५२ म्हणजे ४ दशक १२ एकक हे मुलाला हाताळून पाहू देतो.

गैरसमज : पदवी मिळाली म्हणजे विषय आला.

वस्तुस्थिती : लिपिंग मा यांनी १९९९ च्या पुस्तकात अमेरिका व चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांची तुलना केली. पावणेदोनला अर्ध्याने भागा आणि त्यावर शाब्दिक उदाहरण तयार करा, असे त्यांना सांगितले होते. अमेरिकी शिक्षक जास्त शिकलेले होते. तरी त्यांच्यापैकी अनेकांनी दोघांत वाटण्याचे, म्हणजे दोनने भागण्याचे उदाहरण दिले. चिनी शिक्षकांपैकी बहुतेकांना ते नीट जमले. पावणेदोन लिटर दुधाच्या अर्ध्या लिटरच्या किती पिशव्या होतील? साडेतीन. ‘उलटा करून गुणा’ ही रीत पाठ असणे वेगळे आणि उत्तर मोठे का आले हे सांगता येणे वेगळे.

गैरसमज : पाठ्यपुस्तकातले तेवढे आले की झाले.

वस्तुस्थिती : मुले पुस्तकाबाहेरचेच विचारतात. ‘सूर्य जवळ येतो म्हणून उन्हाळा होतो का?’ पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. जुलैत हे अंतर १५.२ कोटी होते. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. हे ठाऊक नसलेला शिक्षक एक तर ‘हो’ म्हणेल, नाही तर ‘गप्प बस’. दोन्हींत नुकसान मुलाचेच.

गैरसमज : विषयात हुशार असला की शिकवता येतेच.

वस्तुस्थिती : ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठे, असे मुलांना का वाटते? कारण ३५ हे ५ पेक्षा मोठे असतात. मुले कुठे अडखळतात आणि तिथे कोणते उदाहरण चालते, हे अध्यापनासाठीचे खास विषयज्ञान होय, अशी मांडणी ली शुलमन यांनी १९८६ मध्ये केली. विषयाची पक्की जाण नसेल, तर तेही हाती लागत नाही.

म्हणून नव्या शिक्षकांनी आपल्या इयत्तेचे पुस्तक, स्वाध्यायांसकट, आधी स्वतः सोडवावे आणि मागच्या-पुढच्या इयत्तांची पुस्तकेही वाचावीत. अडले तर ज्येष्ठ सहकाऱ्याला विचारण्यात कमीपणा नाही. मुख्याध्यापकांनीही या तयारीसाठी वेळ द्यावा, कारण चुकीची शिकवलेली संकल्पना मुलाच्या डोक्यातून काढायला पुढच्या शिक्षकांना दुप्पट कष्ट पडतात.