निशिगंधाचा कंद: लागवड आणि निगा
निशिगंधाचा एक कंद एकदाच फुलतो. फुलांचा दांडा कंदाच्या शेंड्यातूनच निघतो. फुले गळली की त्या कंदाचे काम संपते आणि पुढची फुले त्याच्या बगलेत धरलेल्या पिल्लांवर येतात. त्यामुळे निशिगंधाची निगा म्हणजे मुख्यतः पिल्लांची निगा.

ही निगा छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातल्या अहिवारा गावाच्या हवामानाला धरून सांगितली आहे. डॅफोडिलच्या कंदाला फुलण्याआधी जमिनीत सुमारे १२ ते १६ आठवडे दहा अंशांखालचा गारवा लागतो. काश्मीरच्या बागांत तो मिळतो, इथे जानेवारीतही टिकत नाही. मूळ मेक्सिकोच्या निशिगंधाला मात्र हे उष्ण हवामान मानवते. छत्तीसगडात त्याला रजनीगंधा म्हणतात, पुण्याच्या फुलबाजारात गुलछडी.

छत्तीसगडचे शेतकरी जमिनीचे भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार असे प्रकार सांगतात. भाटा मुरमाड असते, पाणी धरत नाही. कन्हार काळी आणि चिकट. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचून कंद सडतो. हलकी, पिवळसर मटासी सर्वांत सोयीची. कन्हार असेल तर वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा गादीवाफा करावा. पोषणाची कमतरता नंतर खत देऊन भरून काढता येते, साचलेल्या पाण्याने सडलेला कंद वाचवता येत नाही.

लागवडीसाठी २ ते ३ सेंटिमीटर व्यासाचे कंद निवडतात. वरचे तपकिरी, कागदासारखे पापुद्रे काढून मुळांची चकती अंगठ्याने दाबून पाहावी. ती टणक लागली तर कंद चांगला. मऊ पडली किंवा आंबूस वास आला तर तो टाकून द्यावा. एप्रिल-मे महिन्यांत ५ ते ६ सेंटिमीटर खोल, शेंडा वर ठेवून, दोन कंदांत २० सेंटिमीटर अंतराने लावणी करतात. लावल्यावर एक हलके पाणी पुरते. उन्हाच्या धास्तीने रोज पाणी देणे हीच या टप्प्यावरची मोठी चूक, कारण कोंब येईपर्यंत कंदाला ओलावा फारच थोडा लागतो.

साधारण तीन महिन्यांनी दांडे दिसू लागतात. फुले जोडीजोडीने, खालून वर उमलत जातात. फुलदाणीसाठी तळची दोन-तीन फुले उमलताच दांडा कापावा. वेणी-हारांसाठी एकेरी फुले सकाळी लवकर वेचावीत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेल्या जातींपैकी ‘शृंगार’ एकेरी आणि ‘सुवासिनी’ दुहेरी फुलांची. शृंगारच्या कळ्यांवर फिकट गुलाबी झाक असते, आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला ती चांगली तोंड देते.

पावसाळ्यात पाने बुडाशी सैल होऊन लोळू लागली तर माती बाजूला करून पाहावे. पांढरे तंतू आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती बुरशीजन्य खोडकूज होय. असे झाड भोवतालच्या मातीसह उचलून बागेबाहेर नष्ट करावे. या भातपट्ट्यात आणखी एक धोका आहे. धानाच्या पानांची टोके पांढरी करणारा सूत्रकृमी निशिगंधालाही लागतो. दांड्यावर गंजासारखे चट्टे येतात आणि कळ्या न उमलताच वाळतात. तो दाण्याच्या टरफलाआड तग धरतो, म्हणून वाफ्यावर धानाचे तूस पसरू नये.

फुले संपल्यावर दांडा बुडाशी कापावा, पण हिरव्या पानांना हात लावू नये. पिल्ले पोसली जातात ती याच पानांवर. ओसाड दिसणाऱ्या वाफ्यालाही पाणी चालूच ठेवावे आणि कुजलेले खत द्यावे. थंडीत पाने आपोआप पिवळी पडू लागली की पाणी तोडावे.

पाने वाळल्यावर गड्डे उपटतात. माती झाडून ते सावलीत पातळ पसरवतात, बुरशी धरू नये म्हणून अधूनमधून उलटतात आणि चार ते सहा आठवडे विसावा देतात. मग पिल्ले हाताने सुटी करतात. दीड सेंटिमीटरहून लहान पिल्ले वेगळ्या वाफ्यात लावावीत; त्या वर्षी ती बहुधा पानेच देतात आणि कंद भरल्यावर पुढच्या हंगामात फुलतात. गड्डे न काढता जागेवरच ठेवले तरी दोन-तीन वर्षे फुले मिळतात. त्यानंतर कंदांची दाटी होऊन दांडे आखूड पडू लागतात, तेव्हा सगळा वाफा उपटून दुसऱ्या जागी नव्याने लावणी करावी लागते.