कोथिंबीर आणायला गाडी

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये ऐन फोडणीच्या वेळी कोथिंबीर संपली, तर घरातलं पोर चपला सरकवून पळत सुटतं. थोड्याच अंतरावर, पाम बीच रोडलगतच्या एखाद्या टॉवरमध्ये तीच वेळ आली की आधी लिफ्ट, मग तळघरातली गाडी, मग गेट. टॉवरवाल्याला आळशी ठरवून मोकळं होता येतं. पण नकाशा उघडला, की त्या बिचाऱ्याची थोडी कीव येते.

कारण नवी मुंबई हे शहर चालणाऱ्यांसाठीच योजलं होतं. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकातून मुंबईच्या खाडीपलीकडच्या या नव्या शहराची कल्पना मांडली. ते वसवण्यासाठी 1970 मध्ये सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. सुमारे 344 चौरस किलोमीटर जमीन, त्यात 95 गावं. वाशी, नेरूळ, बेलापूर असे 'नोड' माळेसारखे ओवायचे, प्रत्येकात शाळा, बाजार, बाग पायी गाठता येईल अशी ठेवायची आणि कामधंदाही जवळच आणायचा, असा बेत होता.

रेल्वे मात्र वाशीला पोचली ती 1992 मध्ये. तोवर रहिवाशांनी खाडीपुलावरून बसने हेलपाटे घातले. रेल्वेच्या खर्चाचा दोन-तृतीयांश भार सिडकोने उचलला आणि वाशी, बेलापूरच्या स्थानकांवर कार्यालयांच्या इमारती चढवल्या. तिथे नोकरी करणाऱ्याला लोकलमधून उतरून जिना चढला की ऑफिस. गंमत अशी, की त्याच लोकलने मुंबईची नोकरीही सोपी करून टाकली.

आर्टिस्ट व्हिलेज हे कोरियांनी 1980 च्या दशकात रचलेलं. सात घरं एका छोट्या चौकाभोवती, अशा तीन चौकांच्या मध्ये आणखी मोठा चौक. मूळची बैठी-दुमजली घरं अनेकांनी पाडून वाढवली, पण चौक आणि वाटा टिकल्या. मुलं खेळतात तिथूनच वाट जाते, त्यामुळे एकट्या पोराला दुकानात धाडताना आईच्या पोटात गोळा येत नाही. चालण्याच्या हिशेबात अंतराइतकीच ही निर्धास्ती मोजावी लागते.

पाम बीच रोडची तऱ्हा उलटी. वाशीहून बेलापूरकडे जाणारा जवळपास दहा किलोमीटरचा हा रस्ता वेगासाठीच आखलेला. बरंच अंतर एका बाजूला खाडी आणि खारफुटी. वाटेत दुकानांची रांग नाही, सिग्नल लांब लांब. भरधाव गाड्यांच्या कडेने पिशवी हलवत कोण निघणार? त्यात सोसायट्यांच्या भिंती. बाल्कनीतून शाळेची घंटा ऐकू येते, पण फाटक नेमकं मागच्या बाजूला, म्हणून अख्ख्या कुंपणाला प्रदक्षिणा. कावळ्याला दोनशे मीटर, दप्तरवाल्याला त्याच्या तिप्पट. मग स्कूल बस लागते, किंवा बाबांची स्कूटर. एक मागचं फाटक उघडलं तरी या बऱ्याच फेऱ्या वाचतील. रखवालदाराचा आणखी एक पगार मात्र सोसायटीच्या सभेत मंजूर व्हायला हवा!

सेक्टरांच्या मधोमध जुनी आगरी-कोळ्यांची गावठाणं अजून आहेत. कुणी नगररचनाकाराने न आखलेल्या बोळांत घराखालीच दुकान, दुकानासमोर ओटा. रविवारी सकाळी मासळीसाठी टॉवरमधल्या गाड्या इथे येतात. बोळ अरुंद, गाडी आत शिरत नाही. ती तोंडाशीच लावून साहेब पिशवी घेऊन पायी आत जातात, आणि पापलेटाचा भाव करून परतताना वाटेतल्या टपरीवरून कोथिंबिरीची जुडीही घेतात.