तीन पांढऱ्या पायऱ्या

एके काळी शनिवार उजाडला की अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या गल्ल्यागल्ल्यांत बायका गुडघे टेकून बसलेल्या दिसत. शेजारी पाण्याची बादली, हातात प्युमिस दगड आणि 'बॉन अमी' नावाची घासायची पूड. घरापुढच्या तीन-चार संगमरवरी पायऱ्या लख्ख झाल्याशिवाय शनिवार संपायचा नाही. हा दगड शहराच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर असलेल्या कॉकीजव्हिलच्या खाणींतला. राजधानी वॉशिंग्टनमधल्या त्या उंच स्मारकस्तंभातही तोच बसवला आहे. पायऱ्यांमागची घरं मात्र साध्या कामगारांची: विटांची, अरुंद, भिंतीला भिंत लावून रांगेत उभी असलेली. पुढे अंगण नाही, व्हरांडा नाही. त्यामुळे सगळी उठबस पायरीवर. आपल्याकडे ओट्यावर किंवा चाळीच्या गॅलरीत जे चालतं, ते इथे पायरीवर चालतं. गप्पा, भांडणं, पोरांवर नजर ठेवणं, उन्हाळ्यात 'स्नोबॉल' खाणं. स्नोबॉल म्हणजे आपला बर्फाचा गोळाच, फक्त काडीवर नाही तर पेल्यात, आणि वर मार्शमेलोचा चिकट पांढरा थर.

घर थेट फुटपाथला लागून असल्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला आतलं सगळं दिसे. त्यावरही इथल्या लोकांनी तोड काढली. १९१३ साली विल्यम ऑक्टावेक या झेक दुकानदाराने आपल्या दुकानाच्या जाळीच्या दारावर भाजी-फळांची चित्रं रंगवली. बाहेरून बघणाऱ्याला चित्र दिसतं, आतल्याला मात्र जाळीतून रस्ता दिसत राहतो. शेजारणींनी आपल्या खिडक्यांसाठी तशाच जाळ्या मागितल्या आणि पूर्व बाल्टिमोरमध्ये हा एक धंदाच झाला.

भारतीय वाचकाला हे शहर आठवतं ते २६ मार्च २०२४ च्या पहाटेमुळे. 'दाली' हे मालवाहू जहाज बंदराच्या तोंडाशी असलेल्या फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल कोसळला. जहाजावरचे जवळजवळ सगळे खलाशी भारतीय होते. पुलावर रात्रपाळीला खड्डे बुजवणारे सहा मजूर त्यात गेले. ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून पोटासाठी आलेले. काही दिवस जगभरच्या पडद्यांवर पूल दिसला, मग पडदे दुसरीकडे वळले. पुलापासून काही मैलांवरच्या त्या पायऱ्यांपर्यंत कॅमेरे पोचण्याचं तसं कारणही नव्हतं.

पायऱ्या फेल्स पॉइंटला आहेत, जिथे पर्यटक खेकडे फोडत बसतात, आणि पश्चिमेकडच्या अप्टनलाही आहेत, जिथे त्या कितीतरी ठिकाणी फळ्या ठोकलेल्या दारांपुढे पडून आहेत. २०११ साली शहराच्या आरोग्य खात्याने वस्तीवार आकडेवारी प्रसिद्ध केली. उत्तरेकडच्या रोलंड पार्क परिसरात सरासरी आयुर्मान सुमारे ८३ वर्षं निघालं, अप्टन-ड्रुइड हाइट्समध्ये सुमारे ६३. महापालिका एक, महापौर एक, मधलं अंतर थोड्या मैलांचं. आणि तरी वीस वर्षांचा फरक.

हा फरक कुठून आला, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. अप्टनच्याच परिसरातल्या मॅककुलो स्ट्रीटवरच्या एका घरापाशी गेलं तरी पुरे.

घर क्रमांक १८३४. १९१० च्या उन्हाळ्यात जॉर्ज मॅकमेकन बायकोमुलांसह तिथे राहायला आले. येल विद्यापीठातून कायदा शिकलेले वकील. घर त्यांचे भागीदार, वकील ॲशबी हॉकिन्स यांनी घेतलेलं. दोघंही कृष्णवर्णीय आणि गल्ली गोऱ्यांची. खिडक्यांवर दगड आले, सभा भरल्या, अर्ज गेले. त्याच वर्षी २० डिसेंबरला महापौर बॅरी महूल यांनी एका कायद्यावर सही केली. ज्या ब्लॉकमध्ये गोरे बहुसंख्य आहेत तिथे काळ्यांनी राहायला जायचं नाही, आणि काळे बहुसंख्य असतील तिथे गोऱ्यांनी जायचं नाही. मोडल्यास दंड किंवा तुरुंग. कागदावर दोघांना सारखाच न्याय! निवासाच्या बाबतीत वर्णावरून ब्लॉकवार वाटणी करणारा अमेरिकेतल्या शहराचा हा पहिला कायदा. गंमत म्हणजे हे महूलसाहेब त्या काळातले सुधारक म्हणून ओळखले जात.

कायदा कोर्टात अडखळला, की तांत्रिक चुका दुरुस्त करून पुन्हा मंजूर केला जाई. रिचमंड, अटलांटा, लुईव्हिल अशा शहरांनी त्याची नक्कल केली. हॉकिन्स मात्र तो मोडून काढण्यासाठी कोर्टात लढत राहिले. अखेर १९१७ साली लुईव्हिलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे घटनाबाह्य ठरवले. मॅककुलो स्ट्रीटपासून थोड्याच गल्ल्यांवर, डिव्हिजन स्ट्रीटवर त्या वेळी एक मुलगा वाढत होता. थर्गुड मार्शल हे त्याचं नाव. आपल्याच राज्यातल्या मेरीलँड विद्यापीठाच्या विधी शाखेची दारं काळ्यांना बंद होती, म्हणून तो वॉशिंग्टनला जाऊन शिकला. वकील झाल्यावर त्याने त्याच विद्यापीठाला कोर्टात खेचून एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळवून दिला. १९६७ साली तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश झाला.

पालिकेचा कायदा रद्द झाला, पण त्याचं काम खरेदीखतांनी उचललं. रोलंड पार्क कंपनी १८९१ सालची. झाडीतून वळणं घेत जाणारे रस्ते, सुटी सुटी प्रशस्त घरं, बागा. तिने पुढे वसवलेल्या गिलफर्डच्या खरेदीखतांत स्पष्ट कलम होतं: या घरात कृष्णवर्णीय माणूस राहू शकणार नाही, घरगडी किंवा मोलकरीण म्हणून राहत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत वाट मोकळी होती, नाव मात्र दस्तावर येणार नव्हतं. असे करार कोर्टातून अमलात आणता येणार नाहीत, हे ठरायला १९४८ साल उजाडावं लागलं.

दरम्यान नकाशे आले. १९३० च्या दशकात घरकर्जाच्या केंद्र सरकारी यंत्रणेने शहराशहरांचे नकाशे रंगवून घेतले. बाल्टिमोरचा नकाशा १९३७ चा. हिरवा म्हणजे उत्तम, लाल म्हणजे धोका. जुन्या घरांच्या, गरिबांच्या आणि मुख्यतः काळ्यांच्या वस्त्या लाल झाल्या. अशा वस्तीत बँकेचं कर्ज मिळणं दुरापास्त. कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणून पुन्हा कर्ज नाही.

महायुद्धानंतर दलालांना भाव पडण्याच्या भीतीतच धंदा दिसला. शहराच्या पश्चिम टोकाच्या एडमंडसन व्हिलेजमध्ये एखादं घर कृष्णवर्णीय कुटुंबाला विकायचं आणि मग शेजारच्या गोऱ्या घरमालकांची दारं ठोठवायची: 'आता भाव पडणार, वेळेवर विकून मोकळे व्हा.' घाबरलेल्यांकडून स्वस्तात घ्यायचं, आणि ज्यांना दुसरीकडे घर मिळत नव्हतं त्यांना महागात, हप्त्यांवर विकायचं. १९५५ ते १९६५ या दहा वर्षांत ही वस्ती जवळजवळ पूर्ण पालटली. गोरी कुटुंबं उपनगरांत गेली. १९५० साली ९,४९,७०८ लोकसंख्या असलेलं शहर २०२० च्या जनगणनेत ५,८५,७०८ वर आलं.

जुन्या भिंतींचं दुखणं आणखी वेगळं. घराच्या आतून शिसं असलेला रंग लावायला बाल्टिमोरने १९५१ मध्येच बंदी घातली. इतर शहरांच्या फार आधी. पण आधी लावलेला रंग भिंतींवरच राहिला. खिडकी वरखाली केली की चौकटीतून त्याची धूळ उडते, पोपडे पडतात, रांगणाऱ्या मुलांच्या तोंडात जातात. शिसं मेंदूच्या वाढीवर घाव घालतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. एप्रिल २०१५ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना जखमी होऊन मरण पावलेला फ्रेडी ग्रे पश्चिम बाल्टिमोरचा. त्याच्या मृत्यूनंतर शहर पेटलं. त्याच्या कुटुंबाने काही वर्षांपूर्वीच घरमालकावर दावा लावला होता: भाड्याच्या घरातल्या रंगामुळे मुलांच्या रक्तात शिसं भिनलं म्हणून.

२०१५ सालीच राज चेट्टी आणि नॅथॅनियल हेंड्रन या अर्थतज्ज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरीब घरातल्या मुलाला मोठेपणी वर येण्याची संधी कुठे किती, हे त्यांनी देशभर मोजलं. चेट्टी दिल्लीत जन्मलेले. त्यांच्या मोजणीत सर्वात मोठ्या शंभर काउंट्यांमध्ये बाल्टिमोर शहर शेवटचं निघालं.

नोकरीपर्यंत पोचायचं कसं, हाही रोजचा प्रश्न. शहरातल्या सुमारे ३० टक्के घरांत मोटार नाही. अमेरिकेत मोटार नसणं म्हणजे मुंबईत लोकलचा पास नसण्यासारखं. तरी या शहराने रस्त्यासाठी घरं पाडली. १९६० च्या दशकात शहराच्या पोटातून महामार्ग न्यायची आखणी झाली. पूर्वेला तो फेल्स पॉइंटवरून जाणार होता. तिथे बार्बरा मिकुल्स्की ही तरुण समाजसेविका रहिवाशांना घेऊन उभी राहिली. फेल्स पॉइंट वाचलं आणि मिकुल्स्कीबाई पुढे सिनेटर झाल्या. पश्चिमेला हार्लेम पार्क परिसरातल्या काळ्या वस्तीत मात्र ९७१ घरं आणि ६२ दुकानं जमीनदोस्त झाली. खोल खंदक खणून दीड मैलाहूनही कमी रस्ता झाला आणि काम तिथेच थांबलं. लोक त्याला 'कुठेच न जाणारा महामार्ग' म्हणतात. खंदकाच्या दोन काठांवर एकाच वस्तीचे दोन तुकडे अजून समोरासमोर उभे आहेत.

पुढे या बाजूला पूर्व-पश्चिम जोडणारी 'रेड लाइन' रेल्वे यायची होती. आखणीत वर्षं गेली, केंद्राकडून ९० कोटी डॉलर मिळायचे होते. फ्रेडी ग्रेच्या मृत्यूनंतर दोनच महिन्यांनी, जून २०१५ मध्ये गव्हर्नर लॅरी होगन यांनी प्रकल्प रद्द केला. २०२३ मध्ये गव्हर्नर वेस मूर यांनी तो पुन्हा हाती घेतल्याची घोषणा केली. मधल्या काळात लोक बसची वाट पाहत राहिले, तिकीट काढून. फुकट बस शहरात होती, २०१० पासून. 'चार्म सिटी सर्क्युलेटर' तिचं नाव. फक्त तिचे सुरुवातीचे मार्ग होते ते मध्यवर्ती व्यापारी भाग, बंदराचा काठ आणि आसपासच्या सुस्थितीतल्या वस्त्यांमधून.

मॉर्गन स्टेट विद्यापीठात पूर्वी शिकवणारे लॉरेन्स ब्राउन यांनी हे सगळं एका चित्रात बसवलं. शहराच्या नकाशावर कृष्णवर्णीय वस्त्या पूर्वेला आणि पश्चिमेला फुलपाखराच्या पंखांसारख्या पसरलेल्या. गोऱ्या, सधन वस्त्या मधोमध उत्तरेकडून खाली येतात आणि बंदराच्या काठाने वळतात, रोमन लिपीतल्या 'एल'सारख्या. बँकांची कर्जं, नवे प्रकल्प, फुकट बस 'एल'मध्ये. पाडापाडी, बंद शाळा, रिकामी घरं पंखांमध्ये. 'काळं फुलपाखरू' हा शब्द आता शहराच्या बोलण्यात रुळला आहे.

पंखांमध्ये ताजी भाजी मिळणंही कठीण. २०१५ साली पालिका आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने केलेल्या पाहणीनुसार चारातला एक रहिवासी अशा भागात राहत होता, जिथे सुपरमार्केट लांब, मोटार नाही आणि उत्पन्न कमी. कोपऱ्यावर दुकान असतं. त्यात चिप्स, सिगारेट, शीतपेयं. शेजारी 'लेक ट्राउट' विकणारं टपरीवजा हॉटेल. हा मासा सरोवरातला नाही आणि ट्राउटही नाही. समुद्रातला व्हायटिंग तळून पावाबरोबर देतात. चवीला झकास, रोज खायला जड.

अशा गल्लीत अजूनही कधी घुंगरांचा आवाज येतो. पिसांनी सजवलेला घोडा, रंगीत गाडी, गाडीवर कलिंगडं, टोमॅटो, केळी. पुढे चालणारा माणूस लांब हेल काढून मालाची आरोळी देतो. हे 'एरॅबर'. यादवी युद्धानंतर, नोकऱ्यांची दारं बंद असताना कृष्णवर्णीय पुरुषांनी हा धंदा धरला. अमेरिकेत इतरत्र तो संपला. बाल्टिमोरमध्ये थोडे तबेले तग धरून आहेत. तबेले जुने, पालिकेचे नियम कडक, तरुण पोरं कमी. १९९४ साली त्यांच्या जपणुकीसाठी एक संस्थाही निघाली. पायरीवर बसलेल्या आजीला मात्र जपणुकीशी काही देणंघेणं नसतं. तिला बस न पकडता दारात कलिंगड मिळतं.

आणि रिकामी घरं. अलीकडच्या वर्षांत त्यांची संख्या तेरा हजारांच्या आसपास होती. जानेवारी २०२२ मध्ये स्ट्रिकर स्ट्रीटवरचं असंच एक घर पेटलं आणि कोसळलं. आत शिरलेले तीन अग्निशामक जवान दगावले. हा प्रश्न नवा नाही आणि उपायही नवे नाहीत. १९७० च्या दशकात महापौर विल्यम डोनाल्ड शेफर यांनी पडीक घरं एका डॉलरला विकली. अट एवढीच, की घर नीट करायचं आणि तिथेच राहायचं. बंदराजवळचा ऑटरबाइन भाग त्यातून पालटला. पण डॉलरच्या घरावर दुरुस्तीचे हजारो डॉलर घालण्याइतकं कर्ज आणि पत ज्यांच्याकडे होती, त्यांनाच ते जमलं. डिसेंबर २०२३ मध्ये महापौर ब्रँडन स्कॉट यांनी रिकाम्या घरांसाठी पंधरा वर्षांची, ३ अब्ज डॉलरची योजना मांडली.

मॅककुलो स्ट्रीटच्या त्या घरापासून अगदी जवळ एटिंग स्ट्रीट आहे. २०१७ पासून 'ब्लॅक विमेन बिल्ड' नावाची संस्था तिथली पडकी घरं घेऊन कृष्णवर्णीय स्त्रियांना सुतारकाम, नळकाम, वायरिंग शिकवते. शिकता शिकता घर उभं राहतं आणि काम करणारी बाईच ते विकत घेते. ज्या परिसरात एका कुटुंबाच्या बिऱ्हाडामुळे कायदा झाला, तिथे आता तळहाताला घट्टे पडलेल्या बाया स्वतःच्या नावावर दस्त करून घेत आहेत.

दस्त करताना बाल्टिमोरमध्ये आणखी एक चौकशी करावी लागते. इथे वसाहतकाळापासून घर एकाचं आणि खालची जमीन दुसऱ्याची असू शकते. नव्याण्णव वर्षांचा, हवा तितक्या वेळा वाढवता येणारा करार, आणि जमीनमालकाला वर्षाला ठरावीक भाडं, बहुतेकदा अगदी किरकोळ. ते थकलं म्हणून लोकांची घरं गेल्याच्या कहाण्या २००६ साली 'बाल्टिमोर सन'ने बाहेर काढल्या. त्यानंतर राहत्या घरांसाठी असे नवे करार करायला बंदी झाली, जुने तसेच चालू राहिले. त्यामुळे नव्या मालकिणीला किल्ली हातात घेण्याआधी राज्याच्या नोंदवहीत पाहून घ्यावं लागतं, की पांढऱ्या पायऱ्यांखालची जमीन कोणाच्या नावावर आहे.