विश्लेषण : दूरस्थ सर्व्हरची डिस्क तपासणी जोखमीची का?

सर्व्हर दूरच्या डेटा सेंटरमध्ये आणि प्रशासकाच्या हाती केवळ नेटवर्कची जोडणी. अशा यंत्राच्या फाइल सिस्टीममध्ये दोष असल्याची शंका आल्यास तपासणी अटळ ठरते. मात्र पूर्वतयारी नसेल, तर सर्व्हरच संपर्काबाहेर जाऊ शकतो.

यंत्र सुरू असताना तपासणी का नाही?

युनिक्सवर हे काम ‘एफएससीके’ हा प्रोग्राम करतो. बेल लॅब्जचे टेड कोवाल्स्की यांनी तो १९७०च्या दशकात लिहिला. डिस्कवर लेखन सुरू असतानाच दुरुस्ती केली, तर सुस्थितीतील माहितीही बिघडू शकते. त्यामुळे मुख्य म्हणजे ‘रूट’ विभागाची तपासणी बूट होतानाच केली जाते.

सक्ती कशासाठी?

‘एक्स्ट४’सारख्या फाइल सिस्टीम बदलांची नोंद ‘जर्नल’मध्ये ठेवतात. वीज गेली तरी त्याआधारे रचना सावरता येते आणि बूट होताना संपूर्ण तपासणी टाळली जाते. मात्र डिस्क वा मेमरीतील दोषामुळे झालेली हानी जर्नलला कळत नाही.

सक्ती कशी करतात?

जुन्या लिनक्समध्ये रूट विभागात ‘फोर्सएफएससीके’ नावाची रिकामी फाइल तयार करणे पुरेसे असे. ‘सिस्टमडी’ वापरणाऱ्या लिनक्समध्ये कर्नलला ‘एफएससीके.मोड=फोर्स’ ही सूचना दिली जाते. काम झाल्यावर ती काढली नाही, तर प्रत्येक बूटला तपासणी होते. ‘एफएसटॅब’मधील सहाव्या रकान्यात शून्य असल्यास तो विभाग सहसा वगळला जातो. ‘एक्सएफएस’साठी ‘एक्सएफएस_रिपेअर’ हे स्वतंत्र साधन आहे.

धोका कोठे?

गंभीर दोष आढळल्यास बूट प्रक्रिया थांबते आणि यंत्र कन्सोलवर पासवर्ड मागते. तोवर नेटवर्क सुरू झालेले नसते, त्यामुळे ‘एसएसएच’ने आत शिरता येत नाही. ‘एफएससीके.रिपेअर=यस’ दिल्यास प्रत्येक दुरुस्तीला आपोआप होकार मिळतो; पण त्यात काही फाइल्स गमावण्याची शक्यता असते.

खबरदारी कोणती?

आधी बॅकअप घेऊन तो उघडतो का, हे पाहावे. ‘आयपीएमआय’ किंवा सेवापुरवठादाराचा दूरस्थ कन्सोल चालतो, याची खात्री करावी. मोठ्या डिस्कची तपासणी दीर्घकाळ चालते. या काळात सर्व्हर प्रतिसाद देत नाही म्हणून वीजपुरवठा तोडल्यास नुकसान वाढू शकते. बूट झाल्यावर ‘ट्यून२एफएस’मध्ये शेवटच्या तपासणीची तारीख पाहावी. ती जुनीच दिसली, तर तपासणी झालेलीच नाही.