हट्टी मूल की टोचणारा सदरा?

शाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले की दरवर्षी एक वेगळीच तक्रार दवाखान्यात येऊ लागते. ताप नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. "डॉक्टर, गणवेशाची कॉलर मानेला लागली की हा किंचाळतो." "केस कापताना दोघांनी धरावे लागते." "कुकरची शिट्टी झाली की ही कान दाबून पलंगाखाली जाते." "दिवसभर भिंतीवर, माणसांवर आदळत असतो. लागले तरी रडत नाही." आई हे सांगत असते आणि बरोबर आलेले आजोबा मध्येच म्हणतात, "लाडाने बिघडलाय. दोन रट्टे दिले की सरळ होईल." बहुतेक वेळा ते रट्टे देऊनही झालेले असतात आणि मूल सरळ झालेले नसते.

आंबी, मंगरूळ, नवलाख उंबरे या आपल्या भागात एमआयडीसीच्या निमित्ताने बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. विचारायला घरात जाणते माणूस नसते. मग मोबाईलवर शोध होतो आणि तिथे एक भारदस्त नाव सापडते, 'सेन्सरी इंटिग्रेशन'. त्यापाठोपाठ हजारो रुपयांचे झोके, वजनाची जाकिटे आणि खेळण्यांचे संच विकणाऱ्यांच्या जाहिराती येतात. म्हणून आज हा विषय घेत आहे. अशा मुलाच्या आईवडिलांनी शिकायचे काय, कोणाकडून, आणि कशावर पैसे घालवू नयेत, हे थोडे सविस्तर सांगतो.

आपण पाच ज्ञानेंद्रिये शाळेत पाठ केली. शरीरशास्त्राच्या दृष्टीने एवढ्यावर भागत नाही. आपल्या आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके कोणत्या दिशेला वळले, शरीर फिरते आहे की स्थिर आहे, हे त्या मेंदूला कळवतात. शिवाय स्नायू आणि सांधे 'हात कुठे आहे, किती जोर लागला' याची खबर सतत देत असतात. म्हणून तर अंधारातही आपला घास तोंडातच जातो. डोळे, कान, त्वचा, जीभ, नाक यांच्या खबरीत या खबरी मिसळतात आणि मेंदू त्यांतील कामाच्या तेवढ्या ठेवून बाकीच्या मागे सारतो. आपण अंगात सदरा घातला आहे हे आता वाचता वाचता आपल्याला जाणवत नव्हते, ते यामुळेच. काही मुलांच्या बाबतीत ही चाळणी वेगळी चालते. एखाद्याला सदऱ्यामागची पट्टी दिवसभर टोचत राहते. एखाद्याला खबर फार मंद पोचते, म्हणून तो धडका घेतो, उड्या मारतो, सगळे घट्ट दाबतो. एकाच मुलात दोन्ही प्रकार असू शकतात. आवाज सहन होत नाही, पण गोल गोल फिरणे मात्र संपत नाही.

हा विचार पद्धतशीर मांडला तो अमेरिकेतील जीन एअर्स या बाईंनी. त्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे व्यवसायोपचार तज्ज्ञ होत्या. त्यांचा तज्ज्ञांसाठीचा ग्रंथ १९७२ साली निघाला आणि १९७९ साली त्यांनी मुद्दाम पालकांसाठी वेगळे पुस्तक लिहिले. १९८८ साली त्या गेल्या. पुढे १९९८ मध्ये कॅरोल क्रॅनोविट्झ या बालवाडीच्या शिक्षिकेने पालकांसाठी लिहिलेले इंग्रजी पुस्तकही जगभर वाचले गेले. इंग्रजी वाचता येत असेल तर ही पुस्तके जरूर चाळावीत. फक्त एक सावधगिरी हवी. अशा पुस्तकांतील लक्षणांच्या याद्या वाचल्या की प्रत्येकाला आपले मूल, आणि बरेचदा आपण स्वतःही, त्यात दिसू लागतो. वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला असताना आम्हालाही पुस्तकातला प्रत्येक रोग झाल्यासारखा वाटत असे!

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा त्रास खरा असला तरी त्याला स्वतंत्र रोग मानावे की नाही, यावर वैद्यकशास्त्रात एकमत नाही. मानसिक विकारांची जी अमेरिकन सूची सर्वत्र वापरली जाते, तिच्या २०१३ च्या आवृत्तीत याची स्वतंत्र नोंद नाही. स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या लक्षणांत मात्र संवेदनांच्या या वेगळेपणाचा समावेश झाला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये सांगितले की हे उपचार एकूण उपचारांचा एक भाग म्हणून चालतील, पण त्यांचा पुरावा मर्यादित आहे हे पालकांना सांगावे. तेव्हा कोणी "चाळीस बैठकांत मूल पूर्ण बरे करतो" अशी खात्री देऊन आगाऊ पैसे मागत असेल, तर पिशवी उचलून घरी यावे.

आता शिकण्याच्या साधनांकडे वळू. पहिले साधन दहा रुपयांची वही. हे मी थट्टेने म्हणत नाही. दोन आठवडे रोज लिहावे: किती वाजता, कुठे, त्याच्या अगोदर काय घडले, मुलाने काय केले, किती वेळ, आणि कशाने शांत झाले. "आज फार त्रास दिला" असे लिहू नये. त्यातून काहीच कळत नाही. "सव्वाबाराला, मिक्सर लावला, कान दाबले, दहा मिनिटे, गोधडीत गुंडाळल्यावर थांबला" असे लिहावे. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाला शाळेतून काढून न्या, असे घरच्यांना सांगण्यात आले होते. रोज दुपारी तो ओरडायचा, मुलांना ढकलायचा. आईने वही ठेवली आणि बाईंनाही लिहायची विनंती केली. बाराव्या दिवशी दिसले की हे सारे खिचडी वाटपाच्या वेळीच होते. पत्र्याची शेड, खाली फरशी आणि साठ-सत्तर स्टीलच्या ताटल्यांचा खणखणाट. बाईंनी त्याला आधी वाढून व्हरांड्याच्या कडेला बसवायला सुरुवात केली. त्रास अगदी संपला नाही, पण ढकलाढकली थांबली आणि शाळाही सुटली नाही. औषधाची एक गोळीही लागली नाही.

या वहीचा डॉक्टरलाही उपयोग होतो. कारण प्रत्येक वेगळे वागणे संवेदनांचेच असते असे नाही. हाक मारली तरी बघत नाही, त्या मुलाच्या कानात मळ किंवा पू असू शकतो, ऐकूच कमी येत असू शकते. जेवायला नको म्हणतो त्याची दाढ किडलेली असते किंवा चार दिवस पोट साफ झालेले नसते. माती, खडू खाणाऱ्या मुलाचे रक्त तपासावे. लोह कमी असणे हे त्याचे फार नेहमीचे कारण. मध्येच काही सेकंद टक लावून थांबणे हा फिटचा प्रकार असू शकतो. सतत चवड्यांवर चालत असेल तर स्नायू आणि मज्जासंस्था तपासून घ्याव्यात. आणि पुढील गोष्टी दिसल्या तर वहीचे पंधरा दिवसही थांबू नये: वर्षाचे होऊनही नावाला ओ न देणे, दीड वर्षापर्यंत बोटाने काही न दाखवणे, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून न बोलणे, आणि कोणत्याही वयात येत असलेले बोलणे बंद होणे. "याचे वडीलही उशिरा बोलले" या वाक्याने पुष्कळ मुलांची मोलाची वर्षे खाल्ली आहेत.

दुसरे साधन म्हणजे तयार माणूस, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. पुष्कळांना हा आणि फिजिओथेरपिस्ट एकच वाटतात. मुलाला कपडे घालणे, जेवणे, लिहिणे, खेळणे ही रोजची कामे जमावीत म्हणून काम करणारा तो ऑक्युपेशनल थेरपिस्ट. ही विद्या भारतात रुजली ती आपल्या महाराष्ट्रात, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. कमलाबाई निंबकर या मूळच्या अमेरिकन बाई, लग्नाने महाराष्ट्राच्या झाल्या. त्यांनी अमेरिकेत हे शिक्षण घेतले आणि १९५० साली मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात भारतातील पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, या व्यवसायाची अखिल भारतीय संघटनाही उभी राहिली. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची आहे.

आपल्याकडून पुण्याला लोकलने जाता येते. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयात, जे परळच्या रुग्णालयाहून वेगळे, बालविकास केंद्र आहे. मुंबईत २००१ पासून 'उम्मीद' ही संस्था बालविकासाचे काम करते व पालकांनाही शिकवते. कुठेही जा, थेरपिस्टची राज्य परिषदेकडची नोंदणी विचारायला संकोच करू नये. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा: "आम्हाला आत बसू देणार का, आणि घरी काय करायचे ते शिकवणार का?" दार लावून पाऊण तास मूल आत आणि आई बाहेर बाकावर, अशा उपचारावर माझा फारसा विश्वास नाही. आठवड्यातले दोन तास थेरपिस्टचे, उरलेले सारे घरचे. जागतिक आरोग्य संघटनेनेही विकासात मागे पडणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी जो अभ्यासक्रम तयार केला आहे, त्यात भर आहे तो घरातली कामे आणि खेळ यांतूनच शिकवण्यावर.

गाडीभाडे आणि बुडणारा रोज पाहता सर्वांना पुणे जमत नाही, याची मला कल्पना आहे. त्यांनी अंगणवाडी सेविकेला विचारावे. २०१३ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येते, आणि गरज असेल त्या मुलाला पुढे जिल्हा पातळीवरील केंद्राकडे पाठवते. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये, उलट वही घेऊन स्वतः हजर राहावे. शाळेचेही सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता येत नाही आणि मारताही येत नाही. भांडायला जाऊ नका, पण हे माहीत असू द्या. अपंगत्वाचा दाखला केवळ संवेदनांच्या तक्रारीवर मिळत नाही. २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहेत, त्यांचे निदान झाले तर मात्र जरूर काढावा.

राहिली खेळणी. इंद्रियांना वळण देणारी साधने मॉन्टेसरीबाईंनी तयार केली, त्या स्वतः डॉक्टर होत्या. ती साधने महाग. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी शिंपले, बिया, खडे, पाने यांचीच साधने केली. ते काम सर्व मुलांसाठी होते, उपचार म्हणून नव्हे. पण बाजारच्या संचाशिवाय काम भागते एवढे त्यातून नक्की दिसते. आपल्या घरात काय कमी आहे? धडका घेणाऱ्या मुलाला पाण्याची छोटी कळशी उचलू द्या, कणीक तिंबू द्या, ओले कपडे पिळू द्या, गोधड्यांची चळत एका खोलीतून दुसरीत नेऊ द्या. स्नायूंना जोर पडला की पुष्कळ मुले निवतात. लंगडी, फुगडी, झोका हे तोलाचे उत्तम व्यायाम. हाताला चिकट लागलेले सहन होत नाही त्याला आधी कोरडे तांदूळ, मग भिजवलेले, मग पीठ, अशा पायरीने न्यावे. एकदम भातलावणीच्या चिखलात उभे करू नये. सदऱ्यामागची पट्टी कापून टाकावी. नवा गणवेश चार वेळा धुऊन मगच घालावा. केस कापायचे तर दुकानात गर्दी नसताना, आरसा दाखवून, आधी कात्री हातात न घेता.

काही गोष्टी टाळाव्यात. फिरकी मुलाने स्वतः घ्यावी, आपण धरून गरगरवू नये; चेहरा पांढरा पडला, घाम आला, मळमळले की लगेच थांबावे, आणि फिट येणाऱ्या मुलाला हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. वजनाचे पांघरूण लहान मुलावर घालू नये, ते स्वतः बाजूला सारता आले नाही तर जीव गुदमरतो. आवाजाच्या भीतीने कायम कानात बोळे ठेवू नयेत, त्याने पुढे साधा आवाजही सहन होईनासा होतो. मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरपासून मात्र प्रत्येक मुलाला लांबच ठेवावे, त्याला संवेदनांचा त्रास असो वा नसो.

तपासायला आणताना मूल खाऊन-झोपून ताजे असेल अशी वेळ निवडा. वही, लसीकरणाचे कार्ड आणि शाळेच्या बाईंची चार ओळींची चिठ्ठी बरोबर असू द्या. मुलाचे आवडते फडके किंवा डबा असेल तर तोही आणा. माझ्याकडे यायचे असेल तर सकाळी साडेअकरानंतर या. संध्याकाळी दवाखान्यात गर्दी, खोकला आणि रडारड असते. अशा मुलाला तिथे तासभर बसवून तपासले तर मला ते मूल दिसत नाही, फक्त त्याचा वैताग दिसतो.