फिशर : अरण्यातील एक शिकारी

निसर्गसाखळीत प्रत्येक प्राण्याचे एक निश्चित स्थान असते; परंतु ते रिकामे होईपर्यंत माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. उत्तर अमेरिकेतील फिशर या प्राण्याच्या संदर्भात हे कसे घडले, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

कॅनडात आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या उत्तरेकडील दाट अरण्यांत फिशर हा सस्तन प्राणी राहतो. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ 'मासे धरणारा' असा होतो. प्रत्यक्षात मात्र हा प्राणी मासे क्वचितच खातो. युरोपातून तेथे गेलेल्या लोकांना तो आपल्याकडील पोलकॅटसारखा वाटला. पोलकॅटच्या कातड्याला असलेल्या 'फिच' या नावावरून 'फिशर' हा शब्द आला असावा, असे मानले जाते.

फिशर हा पाणमांजर, वीझल व मार्टेन यांच्या कुळातील प्राणी आहे. हिमालयातील पिवळ्या गळ्याचा मार्टेन आणि दक्षिणेकडील पश्चिम घाटात आढळणारा दुर्मीळ निलगिरी मार्टेन हे त्याचे भारतातील नातलग होत. फिशरचे शरीर लांबट, पाय आखूड, शेपूट झुबकेदार आणि रंग गडद तपकिरी असतो. मादीचे वजन सुमारे दोन ते अडीच किलो, तर नराचे साडेतीन ते साडेपाच किलो भरते. मागील पावले तो जवळजवळ उलट्या दिशेला वळवू शकतो. त्यामुळे झाडावरून डोके खाली करून उतरणे त्याला सहज साधते.

ससे, खारी, उंदीर, पक्षी, मृत जनावरे आणि काही फळेही त्याच्या आहारात असतात. मात्र त्याची खरी ख्याती आहे ती साळिंदराचा शिकारी म्हणून. साळिंदराच्या पाठीवर व शेपटीवर तीक्ष्ण काटे असतात, पण चेहरा उघडा असतो. म्हणून शत्रू दिसताच ते त्याच्याकडे पाठ फिरवते. फिशर त्याच्याभोवती चपळाईने फिरत राहतो आणि संधी मिळताच चेहऱ्यावर चावा घेतो. साळिंदर झाडावर चढले, तर तोही चढतो आणि त्याला खाली यावयास भाग पाडतो. वारंवार झालेल्या घावांनी ते निपचित पडले, की त्याला उताणे करून बिनकाट्यांच्या पोटाकडून खाण्यास आरंभ करतो.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी फिशरच्या मऊ कातड्याला मोठी किंमत येत असे. सापळे लावून त्याची बेसुमार शिकार झाली. शेतीसाठी व लाकडासाठी अरण्येही तुटली. परिणामी अनेक राज्यांतून तो नाहीसा झाला. पुढे पडीक शेतजमिनींवर अरण्ये पुन्हा वाढली. पण तेथे साळिंदरांना आवर घालणारे कोणी उरले नव्हते. साळिंदरे हिवाळ्यात झाडांच्या साली कुरतडतात. त्यामुळे झाडे वाळू लागली, तेव्हा लोकांना फिशरची आठवण झाली. व्हरमाँट राज्यात 1959 ते 1967 या काळात मेन राज्यातून आणलेले 124 फिशर सोडण्यात आले. इतर काही राज्यांनीही हाच मार्ग अवलंबिला. फिशर स्थिरावले आणि अनेक ठिकाणी साळिंदरांची संख्या घटली. ज्याला माणसाने कातड्यासाठी संपविले, त्यालाच झाडांच्या रक्षणासाठी परत आणावे लागले!

फिशर एकटा राहणारा व बुजरा असल्याने माणसाला त्याचे दर्शन क्षणभरच घडते. बहुधा बर्फावरील पाच बोटांचे ठसेच मागे राहतात. न दिसणाऱ्या प्राण्याविषयी अफवा लवकर पसरतात. रात्री ऐकू येणारी कर्कश किंकाळी त्याचीच, असे पुष्कळ लोक समजतात. वस्तुतः ती बहुतेक वेळा कोल्ह्याची असते. घरातील मांजर हरवले, की दोष फिशरवर येतो. तो एखादे मांजर मारीत नाही असे नव्हे. परंतु अभ्यासकांनी फिशरच्या जठरांची तपासणी केली, तेव्हा त्यांत मांजराचे अवशेष क्वचितच सापडले.

त्याच्यावरील संकट मात्र पूर्ण टळलेले नाही. मादी जुन्या, मोठ्या वृक्षांच्या ढोलीत पिल्ले देते व एकटीच त्यांना वाढवते. अशी ढोली तयार होण्यास अनेक दशके लागतात. म्हणून नवीन रोपे लावल्याने तोडलेल्या वृक्षांची उणीव लगेच भरून निघत नाही. कॅलिफोर्नियातील अरण्यांत चोरून केल्या जाणाऱ्या गांजाच्या शेतीत उंदरांसाठी विष टाकतात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्या 58 मृत फिशरांपैकी 46 जणांच्या शरीरात अशा विषाचा अंश आढळला. 2020 मध्ये दक्षिण सिएरा नेवाडा पर्वतातील फिशरांना संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण देण्यात आले. दुसरीकडे, वॉशिंग्टन राज्यातील ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यानात 2008 ते 2010 या काळात कॅनडातून आणलेले 90 फिशर सोडण्यात आले.

प्राणी पिंजऱ्यातून आणता येतो. त्याची ढोली मात्र आणता येत नाही. ज्या अरण्यात जुने वृक्ष राखले जातात, तेथेच त्याचे परतणे टिकते.

विचार करा व लिहा
1. साळिंदराची शिकार फिशर कोणत्या प्रकारे करतो?
2. फिशर नाहीसा झाल्याचा अरण्यावर कोणता परिणाम झाला?
3. तुमच्या परिसरातील एखाद्या प्राण्याविषयी कोणते गैरसमज आहेत? ते कशामुळे निर्माण झाले असावेत?