झाडीपट्टीचे कान

सत्तरच्या दशकात पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, आमच्या सिंदेवाहीत गाणं यायचं ते मुख्यतः रेडिओवरून आणि भोंग्यातून. नागपूर आकाशवाणी 1948 पासून होती, विविध भारती 1957 पासून. पण बुधवारी रात्री आठला अख्खा मोहल्ला ज्याची वाट पाही ती बिनाका गीतमाला यायची सिलोनहून, शॉर्टवेव्हवर. आवाज चढायचा, उतरायचा, मध्येच खरखरीत बुडायचा. मुखडा हाती लागे, अंतरा निसटे. निसटलेला अंतरा ऐकणारा मनातल्या मनात भरून काढी. सेल उतरले की दिवसभर उन्हात ठेवायचे, म्हणजे रात्री थोडा वेळ तरी चालत. आवाज कसा आहे, हे कुणी विचारत नसे. कोणतं गाणं लागलंय, एवढंच विचारायचे.

भोंगा लग्नात, मंडईच्या जत्रेत, शंकरपटात म्हणजे बैलांच्या शर्यतीत झाडाला बांधलेला असे. ज्याला आज ऑडिओफाइल म्हणतात तो, आवाजाच्या शुद्धतेचा शौकीन माणूस भोंग्याचं नाव काढताच कान झाकून घेईल, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. खर्जातलं काही त्यातून येतच नाही. ढोलकीची धुम हरवते, नुसती थाप उरते. पण शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे, आणि त्यांचा बराचसा भार दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास असतो. तोच पट्टा भोंगा जोरात आणि दूर फेकतो. म्हणून धानाच्या बांध्यांपलीकडे खाटेवर पडलेल्या माणसालाही ओळ कळायची.

या भागाच्या कानांना खरी शिस्त लावली ती झाडीपट्टी नाटकाने. दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या की हंगाम लागतो. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथून कंपन्या गावोगाव निघतात आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. रंगमंचासमोर, थोड्या खालच्या अंगाला वादक बसतात. एके काळी ऑर्गन आणि तबला, पुढे कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. वर माइक टांगलेले. नट बोलता बोलता बरोबर माइकखाली येऊन थांबतो आणि वाक्य संपलं की सरकतो. हे ज्याला जमत नाही त्याचा संवाद मागच्यांपर्यंत पोचत नाही, आणि मागची मंडळी ते लगेच ओरडून कळवतात. साउंडवाल्याची परीक्षाही तीच. शेवटच्या रांगेत जमिनीवर बसलेल्या म्हातारीला गाण्यातला शब्द कळला पाहिजे आणि माइकने शिटी मारता कामा नये. महागड्या खोलीत महागडे स्पीकर एकमेकांपासून किती अंतरावर ठेवायचे, हे मोजणाऱ्या माणसाइतकाच हा माणूस आवाजाबद्दल काटेकोर असतो. दंडार आणि खडी गंमत ही इथली लोकनाट्यं या नाटकाच्या आधीपासूनची. त्यांत तर माइकही नव्हता, गळा आणि वाद्य यांनीच मैदान भरायचं. 2023 मध्ये याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राला हे सगळं नव्याने कळलं.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि गाणं पहिल्यांदा आपल्या हुकमात आलं. हवं तेव्हा लावता येऊ लागलं, उलटं फिरवून पुन्हा ऐकता येऊ लागलं. पावसाळ्यात फितीवर बुरशी चढायची, हेडवर काळपट थर बसायचा. टेपरेकॉर्डरचे एक दुरुस्तीवाले होते. ते स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसत आणि मग शेजारचा बारीक स्क्रू पाव फेरा फिरवत. कान सेटला लावलेला, नजर कुठेही नाही. स्क्रू एका जागी आला की बंद दार उघडावं तसा आवाज मोकळा व्हायचा, टाळ वेगळे आणि गळा वेगळा. फितीशी हेडचा कोन चुकला की वरचे सूर मरतात, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. त्यांच्याकडे कॅसेटी जेमतेम होत्या, त्यातल्या बहुतेक राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांच्या. हा माणूस ध्वनीचा शौकीन की गाण्याचा? मला तरी त्याचे दोन तुकडे करता येत नाहीत.

चांगल्या यंत्रणेने काय मिळतं, हे पुढे नागपुरात एका परिचितांच्या घरी कुमार गंधर्व ऐकताना कळलं. क्षयाने त्यांचं एक फुप्फुस निकामी झालं होतं, हे ठाऊक होतं. पण दोन छोट्या तानांच्या मधला श्वास, आणि त्या श्वासाभोवती तेवत राहिलेले तंबोरे, हे टेपरेकॉर्डरवर कधी ऐकूच आलं नव्हतं. ती गायकी तशी का घडली, ते त्या श्वासात होतं. म्हणून ऑडिओफाइलचा हट्ट मला फुकाचा वाटत नाही. तो फुकाचा होतो तेव्हा, जेव्हा त्याच त्या चार तबकड्या फक्त यंत्र तपासायला लावल्या जातात. याउलट मुंबईत 1990 मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी पाहा. लाखेच्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या, ओरखडे पडलेल्या तबकड्या त्यांनी जमवल्या. त्या खरखरीआड गाणारा एक गळा आहे, म्हणून. (लाख आमच्याकडे पळसावर येते. त्या तबकड्यांकडे पाहताना जंगलातल्या माणसाला हे आठवतंच.)

नंतरची वर्षं भराभर गेली. मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात शेकड्याने गाणी भरून मिळू लागली. सीडीवर सेकंदाला 1411 किलोबिट असतात, ते एमपीथ्रीत 128 वर आले, आणि भारनियमनाच्या अंधारात ती गाणीही गोड लागली. मला सलतो तो डीजे. त्याच्यासमोर शब्दही कळत नाही आणि सूरही. छाती तेवढी हादरते. तिथे ऐकणारा कुणी उरत नाही.

आता झाडीपट्टीची नाटकं यूट्यूबवर दिसतात. बरीचशी प्रेक्षकांतून, मोबाइलवर टिपलेली. मुलांची रडारड, शिट्ट्या, आणि त्यामागे कुठेतरी पुसट झालेला ऑर्गन. ती ठेवणाऱ्यांचे उपकारच आहेत. पण या हंगामात ज्याच्याकडे चांगला रेकॉर्डर आणि चांगला कान आहे, अशा कुणीतरी वडशाला यावं, साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट तार घ्यावी, एक माइक वादकांसमोर ठेवावा आणि रात्रभर बसावं. ऑर्गनवर पहाटेपर्यंत साथ करणारे हात कमी होत चालले आहेत. दंडारीतली जुनी गाणी पाठ असलेली माणसं तर त्याहून कमी.